शिंगराचे दूध तोडताना

गाढवाच्या सहनशीलतेचे दाखले मराठीत पुष्कळ आढळतात. परंतु त्याच्या बाळपणाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. वडारांच्या पालाशी, कुंभारांच्या दारी आणि वीटभट्टीवर शिंगरू आईच्या मागेमागे वाढते आणि एके दिवशी अकस्मात तिच्यापासून तोडले जाते. भट्टीचे काम अडू नये किंवा गाढवीचे दूध विकता यावे, एवढेच त्याचे कारण असते. भारतात २०१२ च्या पशुगणनेत सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ मध्ये ती सुमारे १ लाख २० हजारच उरली. अशा स्थितीत एकेका शिंगराचे मोल ओळखणे अगत्याचे आहे.

गाढवी सुमारे बारा महिने गाभण राहते व बहुधा एकच शिंगरू देते. जन्मानंतर पहिल्या दोन-तीन तासांतच त्याच्या पोटात चीक गेला पाहिजे. रोगप्रतिकाराची शक्ती त्याला चिकातूनच मिळते, आणि पहिला दिवस उलटला की आतडी ती शोषून घेत नाहीत. यास्तव चीक पिळून टाकणे घातक होय. पुढे काही आठवड्यांत शिंगरू गवताला तोंड लावते, प्रसंगी आईची लीदही खाते. त्यात भिण्यासारखे काही नाही. पचनास उपयुक्त असे जंतू त्यायोगे पोटात जातात.

सहा महिने पुरे होण्यापूर्वी दूध तोडू नये. तत्पूर्वी शिंगरू चारा नीट खात आहे ना, हे पाहावे. प्रथम थोडा वेळ, मग क्रमाक्रमाने अधिक वेळ मायलेकरांस वेगळे ठेवावे. मध्ये भक्कम कुंपण असावे, पण एकमेकांचे दर्शन घडावे. शिंगराजवळ ओळखीचे दुसरे गाढव बांधावे. याच सुमारास जागा बदलणे किंवा खच्चीकरण करणे टाळावे. गाढवीची कास पूर्ण रिकामी करू नये. तसे केल्यास दूध आटत नाही. मात्र कास तापली वा दुखू लागली तर पशुवैद्यास दाखवावे. वियोगाने गाढवीने खाणे सोडल्यास तिच्या रक्तात चरबी वाढून जिवावर बेतू शकते, हेही ध्यानात असावे.

दूध तुटल्यावर स्वच्छ पाणी, बुरशी नसलेला कोरडा चारा आणि पावसापासून आडोसा हवाच; गाढवाची लव घोड्याच्या लवेइतके पाणी थोपवीत नाही. धनुर्वाताची लस व जंतांचे औषध पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावे. खूर वेळोवेळी कापून घ्यावेत. हाडे पक्की होईपर्यंत, म्हणजे निदान तीन-चार वर्षे, पाठीवर ओझे घालू नये.

गाढव दुखणे बोलून दाखवीत नाही. ते मलूल उभे राहिले, चाऱ्याकडे पाहीनासे झाले, की दुखणे पुष्कळ पुढे गेले असे समजावे आणि त्याच दिवशी पशुवैद्यास बोलवावे. ज्याच्या पाठीवर घराची चूल चालते, त्याच्या बाळपणाचे सहा महिने त्याला देणे, हा उपकार नव्हे. तो शहाणा व्यवहार होय.