प्रीॲम्प–ॲम्प्लिफायरचा मेळ जुळला, तरच आवाज स्वच्छ
मऊरानीपूर (झाशी) : जलविहार मेळ्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या बुंदेलखंडातील या नगरात असो वा अन्यत्र, खुल्या मैदानातील कार्यक्रमात आवाज फाटला की दोष सहसा लाउडस्पीकरला दिला जातो. अनेकदा मूळ कारण प्रीॲम्प व ॲम्प्लिफायर यांच्यातील विसंगतीत असते.

मायक्रोफोनचा काही मिलिव्होल्टचा सिग्नल प्रीॲम्प वाढवतो. व्यावसायिक उपकरणांची प्रमाणित पातळी सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती उपकरणांची ०.३२ व्होल्ट असते. त्यामुळे घरगुती प्रीॲम्पला व्यावसायिक ॲम्प्लिफायर जोडल्यास आवाज क्षीण राहतो. उलट जोडणीत तो फाटू शकतो. ॲम्प्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स प्रीॲम्पच्या आउटपुट इम्पीडन्सच्या किमान दहापट असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. फाटलेला सिग्नल दीर्घकाळ चालू राहिल्यास ट्वीटर जळण्याचा धोका असतो. म्हणून आधी प्रीॲम्पची पातळी निश्चित करून मगच ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवणे इष्ट ठरते.