निजामाला पाकिस्तानात जायचं नव्हतं

17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आला की झेंडावंदनानंतरच्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं. "निजामाला आपला मराठवाडा पाकिस्तानात न्यायचा होता, पण सरदार पटेलांनी तो डाव उधळला." तलवाड्यात ऐका, गेवराईत ऐका, बीडच्या मोठ्या कार्यक्रमात ऐका; वक्ता बदलतो, पक्ष बदलतो, वाक्य तेच. हल्ली ते हिरव्या रंगानं रंगवलेल्या नकाशासकट व्हॉट्सअॅपवरही फिरतं. हमखास टाळ्या पडतात, त्यामुळे कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही.

मीर उस्मान अली खान, सातवा निजाम, याला पाकिस्तानात जायचं नव्हतं. भारतातही यायचं नव्हतं. त्याला स्वतंत्र देश हवा होता.

हे सांगितलं की समोरून येतं, "अहो गुरुजी, एकूण एकच की ते!" एकच नाही. आणि ज्यांना एकच वाटतं, त्यांनी निदान तीन पुस्तकं चाळावीत. व्ही. पी. मेनन यांचं संस्थानांच्या विलीनीकरणावरचं पुस्तक, त्यात हैदराबादवर सलग तीन प्रकरणं आहेत. कन्हैयालाल मुन्शींचं 'द एंड ऑफ अॅन एरा'. मुन्शी 1948 मध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेतच होते. आणि निजामाचे पंतप्रधान मीर लायक अली यांचं 'ट्रॅजेडी ऑफ हैदराबाद'. पहिला दिल्लीचा माणूस, दुसरा दिल्लीनं पाठवलेला, तिसरा थेट निजामाचा. कोण खोटं बोललं, कुणी शब्द मोडला, यावर या तिघांचं जमत नाही. निजामाला स्वतंत्र राहायचं होतं, यावर मात्र वाद नाही.

3 जून 1947 ला फाळणीची योजना जाहीर झाली. त्याच महिन्यात निजामानं फर्मान काढलं: हैदराबाद भारताच्या घटना समितीत प्रतिनिधी पाठवणार नाही आणि पाकिस्तानच्याही नाही, इंग्रज गेले की 15 ऑगस्टपासून सार्वभौम राजाचा दर्जा आपल्याकडे येतो. फर्मानात दोन्ही घटना समित्यांचा उल्लेख आहे. पाकिस्तानात जायचं असतं तर कराचीच्या समितीला नकार कळवायचं कारण काय?

कायद्याच्या कागदावर त्याला आधारही होता. ब्रिटिश संसदेनं केलेल्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याच्या सातव्या कलमानं संस्थानांवरची इंग्रजांची अधिसत्ता संपवली. ती भारताकडे सोपवली नाही, पाकिस्तानकडेही नाही, नुसती संपवली. निजामानं त्याचा अर्थ लावला की आपण मोकळे. पण याच इंग्रजांनी संस्थानांना वेगळं डोमिनियन म्हणून राष्ट्रकुलात घ्यायला नकार दिला. म्हणजे दार उघडं ठेवलं आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकायला जागा ठेवली नाही. इंग्रजी कारभाराचा हा नमुना आपल्याला नवा नाही.

निजामाची ही हौस 1947 ची नव्हती. स्वतःचं सैन्य, स्वतःची रेल्वे, स्वतःचं टपाल, चारमिनार छापलेला स्वतःचा रुपया. आमच्या भागाला तेव्हा मोगलाई म्हणत. मोगलाईत चालायचा तो हाली सिक्का आणि शेजारच्या नगर जिल्ह्यात, इंग्रजी हद्दीत, चालायचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार हाती पडायचे. गेवराईकडचा माणूस नगरच्या बाजारात बैल घ्यायला गेला तर आधी पैसे बदलायचा. जुन्या पेटीत उर्दूतला कागद निघाला आणि त्यावर साल 1357 दिसलं तर दचकू नका. ते फसली साल आहे, 590 मिळवा, 1947 येतं. पैसा वेगळा, साल वेगळं, कोर्टाची भाषा वेगळी. ज्याच्या हाताखाली हे सगळं होतं, त्याला आपण राजे नसून राष्ट्र आहोत असं वाटू लागलं, तर नवल नाही. वऱ्हाड परत मागताना त्यानं इंग्रजांशी बरोबरीच्या नात्यानं पत्रव्यवहार केला. 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं कडक उत्तर लिहून त्याला जागा दाखवली. तरी भूक गेली नाही. 1947 च्या सुमारास हैदराबादला समुद्र मिळावा म्हणून पोर्तुगिजांकडून गोवा विकत घेण्याचीही बोलणी चालली होती. पाकिस्तानात जाणारा माणूस कराची सोडून मार्मागोव्याकडे कशाला बघेल?

आता हरकती येतात, आणि त्या फालतू नाहीत. रझाकार या खासगी फौजेचा म्होरक्या कासीम रझवी पाकिस्तानच्या घोषणा देत होता. लायक अली हैदराबादचे पंतप्रधान होण्याआधी संयुक्त राष्ट्रांत पाकिस्तानच्या शिष्टमंडळात होते. भारताशी झालेल्या 'जैसे थे' करारानंतर हैदराबादनं पाकिस्तानला 20 कोटींचं कर्ज दिल्याचं उघड झालं, आणि दिल्लीची खरी चिडचिड तिथून वाढली. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानानं हत्यारं आणत होता. हे सगळं घडलं. यातून सिद्ध काय होतं? पाकिस्तान निजामाचा मित्र होता, पुरवठादार होता आणि दिल्लीला दाखवायचा बागुलबुवा होता. शेजाऱ्याकडून बियाणं उसनं आणलं म्हणून सातबारा त्याच्या नावावर होत नाही.

लंडनच्या पैशाची गोष्ट तर उलटीच सांगितली जाते. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबादच्या खात्यातून दहा लाख पौंडांहून जास्त रक्कम लंडनमधल्या पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळवली गेली. "बघा, पैसा कुठं गेला!" पण आठवड्याभरातच निजामानं स्वतः तो पैसा परत मागितला. बँकेनं हात वर केले आणि रक्कम सत्तर वर्षं व्याजावर वाढत बसली. ऑक्टोबर 2019 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला तेव्हा ती साडेतीन कोटी पौंडांच्या घरात होती. निकाल पाकिस्तानच्या विरोधात गेला. पैसा निजामाचा ठरला आणि त्याच्या वारसांच्या व भारताच्या बाजूनं कौल लागला.

सगळ्यात ठळक पुरावा तर जगापुढे मांडलेला आहे. 21 ऑगस्ट 1948 ला हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध तक्रार केली, ती 'हैदराबाद' या नावानं. पॅरिसला 16 सप्टेंबरला ती कामकाजात घेतली गेली, तेव्हा भारतीय फौजा नळदुर्ग ओलांडून बऱ्याच आत आलेल्या होत्या. पुढे लायक अली नजरकैदेतून निसटून पाकिस्तानात गेले, रझवी तुरुंगातून सुटल्यावर पाकिस्तानात गेला. निजाम गेला नाही. 1967 मध्ये तो हैदराबादेतच वारला.

मग फरक काय पडतो? मोठा पडतो. "पाकिस्तानात जायचं होतं" म्हटलं की उत्तर सोपं होतं: नकाशा बघा, मधोमध कुठं पाकिस्तान असतो का! आणि विचार तिथंच थांबतो. "स्वतंत्र व्हायचं होतं" म्हटलं की प्रश्न अवघड होतो. कारण नकाशाचं उत्तर तिथं चालत नाही. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेनं वेढलेलं लेसोथो 1966 पासून स्वतंत्र देश आहे, आणि ते हैदराबादच्या पासंगालाही पुरणार नाही. हैदराबाद संस्थान 82 हजार चौरस मैलांचं होतं, 1941 च्या जनगणनेत लोकसंख्या 1 कोटी 60 लाखांच्या वर. समुद्र नाही म्हणाल तर नेपाळलाही नाही. आकारावर, पैशावर, नकाशावर हैदराबाद देश होऊ शकलं असतं.

अडलं ते दुसऱ्या जागी. स्वतंत्र व्हायचं ठरवलं कुणी? एका माणसानं. मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या कोटभर रयतेला कुणी विचारलं नव्हतं. मुसलमान लोकसंख्येत सुमारे आठवा हिस्सा असताना 1946 च्या सुधारणांत विधिमंडळात हिंदू-मुसलमानांना समान जागा ठरवल्या होत्या, त्यामुळे तिथूनही खरं लोकमत कळण्याची सोय नव्हती. स्कॉटलंडनं ब्रिटन सोडावं का, हे 2014 मध्ये स्कॉटलंडच्या माणसांना मतपेटीवर विचारलं. 55 टक्के नको म्हणाले, राहिले. लांब कशाला, जुनागढला फेब्रुवारी 1948 मध्ये मतदान झालं, तिथं पाकिस्तानच्या बाजूनं शंभरही मतं पडली नाहीत. (ते मतदान भारतीय कारभार बसल्यावर झालं, हेही लक्षात असू द्यावं. सार्वमताचा विषय दिल्लीला प्रत्येक ठिकाणी सारखाच आवडत होता असं नाही.) हैदराबादसाठीही जून 1948 मध्ये, माउंटबॅटन निघण्याआधी, शेवटचा मसुदा झाला होता. त्यात सार्वमताची आणि जबाबदार सरकारची तरतूद होती. निजामानं तो नाकारला.

रयतेला काय हवं होतं, हेही भाषणात सपाट करून सांगतात. 1938 मध्ये स्टेट काँग्रेस निघाली तेव्हाची मागणी निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती एवढीच होती, विलीनीकरणाची नव्हती. तेवढ्यावरही बंदी घातली गेली. अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे एक संन्यासी शिक्षक, स्वामी रामानंद तीर्थ, त्या लढ्याचे पुढारी झाले. बंदी उठल्यावर जून 1947 मध्ये मुशिराबादला अधिवेशन भरलं, तिथं भारतात सामील व्हा ही मागणी पक्की झाली आणि 7 ऑगस्टपासून सत्याग्रह सुरू झाला. नऊ वर्षांत मागणी बदलली, ती निजामानं बदलायला लावली. तरीही सगळे एका बाजूला नव्हते. दलितांचे एक पुढारी बी. एस. वेंकटराव निजामाबरोबर राहिले. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर 1947 मध्ये जाहीर पत्रक काढून हैदराबादच्या दलितांना निजामाची बाजू घेऊ नका म्हणून बजावलं. मे 1948 मध्ये बंदी उठताच हैदराबाद शहरातल्या कम्युनिस्टांनी 'आझाद हैदराबाद'ची भाषा केली. उलट 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन व्हा असं लिहीत होते, म्हणून ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला. तेव्हा "सगळे मुसलमान तिकडं, सगळे हिंदू इकडं" हेही त्याच भाषणातलं दुसरं वाक्य आता बंद करावं.

बाकीचे गैरसमज झटपट.

सप्टेंबर 1948 ची हैदराबादवरची पोलीस अॅक्शन पोलिसांनी केली नाही, लष्करानं केली. नावामागचा हेतू एवढाच की आपल्याच घरातली गोष्ट आहे असं जगाला दिसावं. रझाकार हे निजामाचं सैन्य नव्हतं, ती इत्तेहाद या मुस्लिम संघटनेची खासगी फौज. सरकारी सैन्याचे प्रमुख जनरल एल एद्रूस होते आणि 18 सप्टेंबरला त्यांनी मेजर जनरल चौधरींपुढे शरणागती दिली. निजामाला हाकलून दिलं म्हणतात. तो 1956 पर्यंत राजप्रमुख होता. हैदराबाद 17 सप्टेंबरलाच कायद्यानं भारतात विलीन झालं म्हणतात. राज्यघटना लागू करून घेण्याचं फर्मान नोव्हेंबर 1949 चं आहे. निजामानं देशाला पाच टन सोनं दान दिलं, ही पोस्ट तर दरवर्षी उगवते. त्यानं 1965 मध्ये 425 किलो सोनं सुवर्ण रोख्यांत गुंतवलं, साडेसहा टक्के व्याजानं. दान आणि मुदत ठेव यांतला फरक गावातल्या पतसंस्थेच्या सभासदालाही कळतो. हैदराबाद गॅझेट लागू झालं म्हणजे निजामाचा कायदा परत आला, हे 2 सप्टेंबर 2025 च्या, कुणबी नोंदींबाबतच्या शासन निर्णयापासून ऐकतोय; गॅझेटियर हे माहितीचं आणि नोंदींचं पुस्तक असतं, कायदा नसतो.

रक्ताचा थेंब न सांडता संस्थान आलं, या वाक्याला मात्र एका ओळीत सोडता येत नाही. अॅक्शनच्या आधी रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, लोक हद्दीपार छावण्यांत पळाले. अॅक्शननंतर मुसलमानांची कत्तल झाली. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं मेलेल्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, नांदेड होते. त्याखालच्या यादीत बीडचं नाव आहे. अहवाल कित्येक दशकं दडलेला होता. आता तो मिळतो, वाचावा.

शेवटी, हल्ली नव्यानं ऐकू येणारं एक. "निजामातून सुटलो तसं महाराष्ट्रातूनही सुटू, नागपूर करार मोडलाय ना!" संयुक्त महाराष्ट्रासाठी झालेल्या 1953 च्या नागपूर करारावर मराठवाड्याच्या प्रतिनिधींच्याही सह्या होत्या आणि तो पुरता पाळला गेला नाही ही तक्रार रास्त आहे. पण करार मोडला म्हणून बाहेर पडण्याचं कलम त्यात नाही. देशातून बाहेर पडायचा हक्क तर कुठल्याच राज्याला नाही. भारताचं संघराज्य राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेलं नाही, हे आंबेडकरांनी घटना समितीत 4 नोव्हेंबर 1948 ला, अॅक्शननंतर दोन महिन्यांच्या आत, स्पष्ट केलं होतं. देशात राहून वेगळं राज्य मागायची वाट मात्र घटनेच्या तिसऱ्या कलमात आहे. त्यासाठी मूळ राज्याची संमतीही लागत नाही, नुसतं मत विचारतात. तेलंगणच्या वेळी आंध्रच्या विधानसभेनं विधेयक फेटाळलं होतं. संसदेनं ते साध्या बहुमतानं मंजूर केलं आणि 2 जून 2014 ला जुन्या मोगलाईचाच एक तुकडा राज्य झाला. सुरक्षा परिषदेत कुणाला जावं लागलं नाही.