पाणी दिसावं, पण उशाशी नसावं

मुलांची दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईकडच्या घरांत तंबूत एक रात्र काढण्याचा बेत शिजतो आणि पहिलं नाव निघतं ते मावळाचं. हा तालुका नद्यांनीच वाटून घेतलेला आहे. पवनेच्या खोऱ्यातलं पवन मावळ, आंद्रेच्या खोऱ्यातलं आंदर मावळ, कुंडलिकेच्या काठचं नाणे मावळ. शिवाय कुरवंड्याजवळ उगम पावून लोणावळा, कामशेत, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळणारी इंद्रायणी. जागेची निवड मात्र बहुतेक वेळा एका फोटोवर होते: तंबूच्या दारात निळंशार पाणी आणि मागे तुंग किंवा तिकोना किल्ला. ते पाणी वर्षभर काय करतं, कधी चढतं, कधी उतरतं, हे कुणी विचारत नाही. त्यातून जे गैरसमज रूढ झालेत, त्यांची ही झाडाझडती.

गैरसमज : पवनेचा कॅम्प म्हणजे नदीकाठचा कॅम्प.

वस्तुस्थिती : ठाकूरसाई, गेव्हंडे, आपटी, आजिवली, ब्राह्मणोली, दुधिवरे या गावांच्या परिसरातले तंबू असतात ते पवना धरणाच्या जलाशयाच्या काठी. सगळे त्याला ‘बॅकवॉटर’ म्हणतात. 1972 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणात सुमारे साडेआठ टीएमसी पाणी मावतं. जलाशयाचा काठ एका जागी राहत नाही. पावसाळा संपताना पाणी काठोकाठ असतं आणि मग मेअखेरपर्यंत ते उतरत जातं. ऑक्टोबरच्या फोटोत दारात दिसणारं पाणी एप्रिलमध्ये पार खाली गेलेलं असतं आणि मधे उरतो तो भेगाळलेला गाळ. जून-जुलैत उलटं होतं. उघड्या पडलेल्या त्याच पट्ट्यावर पाणी पुन्हा चढत येतं.

याला कायद्याचीही बाजू आहे. जलाशय पूर्ण भरल्यावर जिथवर पाणी येतं तिथपर्यंतची जमीन धरणासाठी संपादित झालेली असते आणि ती जलसंपदा विभागाच्या ताब्यात असते. तिथे तंबू ठोकणारा माणूस ती जागा आपली म्हणून भाड्याने देऊ शकत नाही. म्हणून तंबूची जागा सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे, हे मालकाला बेलाशक विचारावं.

गैरसमज : इथे ऊन पडलंय, म्हणजे पाणी वाढणार नाही.

वस्तुस्थिती : ओढ्याचं पाणी ठरतं ते वर माथ्यावर पडणाऱ्या पावसावर. लोणावळ्यात वर्षाला सरासरी 4,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण 750. इतक्या थोड्या अंतरात इतका फरक पडत असल्याने पायथ्याशी ऊन आणि घाटमाथ्यावर मुसळधार, हे चित्र इथे नेहमीचं आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट पाणी फारसं मुरू देत नाही आणि उतारही तीव्र आहेत. वर कोसळलेली सर काही मिनिटांत लोंढा होऊन खाली येते.

30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण असेच वाहून गेले. त्यात चार मुलं होती. उभे राहिले तेव्हा पाणी खेळण्याजोगं होतं आणि बघता बघता चहूबाजूंनी प्रवाह वाढला.

लोंढा येण्याआधी पाणी खुणा देतं. नितळ पाणी गढूळ होतं, काटक्या आणि पालापाचोळा वाहत येऊ लागतो, आवाज बदलतो. यातलं एकही दिसलं की सामानाचा विचार न करता उंचावर जायचं. मुक्कामाची जागा निवडतानाही काठच्या झाडाझुडपांकडे नजर टाकावी. फांद्यांना अडकलेलं वाळकं गवत, चिंध्या, प्लास्टिक जितक्या उंचीवर असेल, तिथवर पाणी येऊन गेलेलं आहे. तंबू त्याच्या बराच वर हवा. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. रेषा आखली नसेल तिथे झाडावरच्या चिंध्या तेच काम करतात.

गैरसमज : वर धरण आहे, त्यामुळे खालच्या नदीवर नियंत्रण आहे.

वस्तुस्थिती : नियंत्रण आहे, पण ते तुमच्या सहलीच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. धरण भरत आलं की आत येईल तेवढं पाणी खाली सोडण्यावाचून इलाज उरत नाही आणि हा विसर्ग मध्यरात्रीही सुरू होतो. बातम्यांत तो क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28 लिटर. एक हजार क्युसेक ऐकायला किरकोळ वाटतं; प्रत्यक्षात ते सेकंदाला 28 हजार लिटर, म्हणजे दर सेकंदाला जवळपास तीन मोठे टँकर.

पावसाळ्याबाहेरही पवनेचं पात्र निर्धास्त नसतं. पिंपरी-चिंचवडला लागणारं पाणी धरणातून नदीत सोडलं जातं आणि खाली रावेतच्या बंधाऱ्याजवळून उचललं जातं. त्यामुळे भर उन्हाळ्यातही पात्रातली पातळी सोडलेल्या पाण्यावर ठरते. हेच रायगड जिल्ह्यात कोलाडला जास्त ठळकपणे दिसतं. तिथल्या कुंडलिकेत (नाव सारखं असलं तरी ही नदी वेगळी) राफ्टिंग चालतं ते मुळशी धरणाचं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रातून खाली उतरतं म्हणून. हे केंद्र 1927 पासून चालू आहे. सकाळी खळाळणारी नदी दुपारी चालत ओलांडता येते आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा खळाळते. धरणाखालच्या कोणत्याही नदीत कोरडा, सपाट, वाळूचा पट्टा दिसला तर तो नदीचाच भाग समजावा. तिथे जेवायला बसणंही टाळावं, झोपणं तर लांबच.

गैरसमज : पाणी संथ आहे, गुडघाभरच आहे, मुलांना खेळू द्यावं.

वस्तुस्थिती : मावळातल्या पाण्याचा तळ वरून कळत नाही. इंदुरीजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीच्या खडकात रांजणखळगे आहेत. प्रवाहात गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी हजारो वर्षांत कोरलेले हे खड्डे कोरड्या दिवसांत बघायला सुरेख दिसतात. पाण्याखाली गेले की मात्र एक पाऊल गुडघाभर आणि पुढचं डोक्यावरून, शिवाय आत भोवरा.

जलाशयाचं पाणी वाहत नाही, पण त्याच्या पोटात बुडालेली शेतं, बांध, झाडांची खोडं आणि चिकट गाळ आहे. पवनेत पाणी पुरेसं उतरलं की वाघेश्वराचं जुनं शिवमंदिर उघडं पडतं आणि लोक दर्शनाला जातात. एरवी ते पाण्याखाली असतं. खाली काय काय दडलेलं असू शकतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा नको. काठापासून चार पावलांवर बांध संपून एकदम खोली सुरू होऊ शकते. तरणतलावात शिकलेलं पोहणं गाळात अडकलेला पाय सोडवायला उपयोगी पडत नाही. होडीत बसायचं असेल तर मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का ते आधी पाहावं. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं.

गैरसमज : इतके लोक जातात, म्हणजे जागा सुरक्षित असणार.

वस्तुस्थिती : भुशीची दुर्घटना रविवारी घडली. पुढच्या वर्षी 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळून चार जणांचा जीव गेला, तोही रविवारच. पूल धोकादायक असल्याची सूचना आधीच लावलेली होती. गर्दी सुरक्षिततेची हमी देत नाही, उलट अरुंद पुलावर आणि निसरड्या खडकावर गर्दी हाच धोका असतो. पावसाळ्यात जिल्हाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली धबधबे आणि धरण परिसरात बंदीचे आदेश काढतात. निघण्यापूर्वी ते पाहावेत. मुलांबरोबरच्या मुक्कामासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम.

गैरसमज : वाहतं पाणी स्वच्छ असतं.

वस्तुस्थिती : वाहणारं पाणी वरच्या गावाचं सांडपाणीही वाहून आणतं. आळंदीत इंद्रायणीवर तरंगणारा फेस सगळ्या महाराष्ट्राने पाहिला आहे. उकळल्याने जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. पिण्याचं पाणी घरून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून न्यावं. आणि पवनेच्या काठी साबण लावून भांडी घासण्यापूर्वी हेच पाणी पुढे लाखो लोकांच्या नळाला येतं, हे लक्षात ठेवावं. भांडी आणि आंघोळ काठापासून निदान 60 मीटर दूर. कॅम्पवर शौचालय असेल तर त्याचा शोषखड्डा पाण्यापासून किती लांब आहे, हेही विचारावं.

गैरसमज : काठावरच हवा सर्वांत छान, थंडी वाजली तर शेगडी आत घ्यावी.

वस्तुस्थिती : रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोऱ्याच्या तळाशी साचते. म्हणून काठावरचा तंबू वरच्या टेपाडावरल्या तंबूपेक्षा जास्त गारठतो, दवाने ओला होतो आणि डासही तिथेच अधिक. थोड्या उंचीवरची जागा निवडली तर दृश्य तेच मिळतं आणि झोपही लागते.

बार्बेक्यूची शेगडी तंबूत घेणं हा तर जिवाशी खेळ. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे गॅस हीटर लावून बंद खोलीत झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. तंबू तर खोलीपेक्षाही लहान. थंडीवर उपाय म्हणजे जमिनीवर जाड सतरंजी, वर गोधड्या आणि कानटोपी.

गैरसमज : ऑनलाइन बुकिंग झालं, पाटीवर ‘फॅमिली कॅम्प’ लिहिलंय, म्हणजे काळजी मिटली.

वस्तुस्थिती : ‘फॅमिली’ ही पाटी कुणीही लावू शकतं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी मनाई आहे, तरी शनिवारी रात्री काठावर डीजे वाजतात. नावावर न जाता दहानंतर आवाज बंद होतो का, मद्यपी टोळक्यांना शेजारचे तंबू देतात का, हे स्पष्ट विचारावं. राज्याने 2021 मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार साहसी उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. कॅम्पवर कयाकिंग, होडी, झिपलाइन असलं काही असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पैसे भरण्यापूर्वी फोनवर विचारायचे प्रश्न मोजकेच आहेत. तंबू पाण्यापासून किती दूर आणि किती उंचावर? वर धरण आहे का, पाणी सोडणार असतील तर कोण कळवतं? रात्री गाडी निघेल असा रस्ता मोकळा असतो का? मोबाइलला रेंज कुठे मिळते? सर्पदंशावरचं प्रतिविष असलेला जवळचा दवाखाना कुठला? चांगला कॅम्पचालक याची उत्तरं न अडखळता देतो. अडचण आलीच तर 112 आणि 108 हे क्रमांक आहेत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र आणि वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं बचावासाठी धावत आले आहेत. भुशीलाही ते पाण्यात उतरले होते. पण ते पोहोचेपर्यंत लागणारा वेळ पाणी देईलच असं नाही. तेव्हा जागा ठरवताना फोटो शेवटी पाहा आणि हे प्रश्न आधी विचारा. उत्तर टाळणाऱ्याचा कॅम्प कितीही देखणा असो, त्याला नकार द्या.