इतिहासातील पीएच.डी. : दफ्तरापासून प्रबंधापर्यंत

इतिहास विषयातील पीएच.डी. म्हणजे उपलब्ध ग्रंथांचे संकलन नव्हे, तर मूळ साधनांच्या आधारे नवा निष्कर्ष मांडणारे संशोधन होय. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार हा अभ्यासक्रम किमान 3 व सामान्यतः कमाल 6 वर्षांचा असून, प्रवेशानंतर संशोधनपद्धतीचा पाठ्यक्रम, म्हणजेच ‘कोर्सवर्क’, पूर्ण करावा लागतो. मराठेशाहीवर काम करणाऱ्या संशोधकाची खरी कसोटी मात्र पुणे पुराभिलेखागारात लागते; कारण तेथील पेशवे दफ्तराची कागदपत्रे प्रामुख्याने मोडी या जलद लेखनाच्या लिपीत असून, गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या 45 खंडांत त्यांचा केवळ निवडक भाग प्रसिद्ध झाला आहे. कागद वाचता आला तरी काम संपत नाही. तो अस्सल आहे की नक्कल, कोणी व कोणत्या हेतूने लिहिला, याची छाननी, म्हणजे साधनचिकित्सा, करून अन्य पुराव्यांशी ताळा जुळवावा लागतो. अखेरीस परीक्षकांच्या मूल्यमापनानंतर मौखिक परीक्षेत संशोधकाला आपल्या निष्कर्षांचे समर्थन करावे लागते. म्हणून विषय निवडतानाच साधनांची उपलब्धता आणि आवश्यक भाषा-लिपींचे ज्ञान तपासून पाहणे श्रेयस्कर ठरते.