मिठाच्या पुड्यांनी पकडला काटा!

आपल्या भिवंडीत रोज किती वजनं होत असतील? मागावर चढणारं सूत किलोवर, चिंध्या किलोवर, रद्दीही किलोवर. आता तागडी फारशी दिसत नाही. सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटा. लाल आकडा दिसला की आपण मान डोलावतो!

मागच्या वर्षी वाचनपेटीसाठी माझ्या चौथीच्या वर्गाने रद्दी जमवली. दुकानात ती भरली ४२ किलो. "बाई, एवढीच कशी?" एक मुलगी अडून बसली. मग मी शेजारून मिठाचे एक किलोचे पाच पुडे आणले. एक ठेवला, तर ९३० ग्रॅम! पाचही ठेवले, तर ४ किलो ६५०. पुडे उचलले की मात्र बरोबर शून्य.

आता जरा डोकं चालवा हं. शून्यच चुकलेलं असतं, तर प्रत्येक वेळी ७० ग्रॅमच कमी पडले असते. इथे वजनाबरोबर चूकही वाढत होती. म्हणजे गडबड होती वाढवण्यात. कसलं वाढवणं?

काट्याच्या पोटात धातूचा एक ठोकळा असतो, लोड सेल. वजनाने तो डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. त्यावर चिकटवलेल्या बारीक तारा ताणल्या जातात आणि थोडासा विद्युतदाब मिळतो. किती? पूर्ण वजनालासुद्धा दहा-वीस मिलिव्होल्ट. घड्याळातला सेल १५०० मिलिव्होल्टचा असतो, बरं का! म्हणून अॅम्प्लिफायर तो दाब कित्येक पट वाढवतो. ही पट म्हणजे गेन. रेडिओचा आवाज आपण वाढवतो, तसंच. काही चिपमध्ये ३२, ६४, १२८ पट अशा पायऱ्याही असतात. पण १२८ म्हटलं म्हणून नेमकी १२८ पटच होते असं नाही. सुटे भाग थोडे इकडेतिकडे असतात, उष्णतेने आणि वयाने बदलतात. म्हणून पायरी बदलली की जुळवणी पुन्हा करावी लागते.

जुळवणी म्हणजे कॅलिब्रेशन. आधी रिकामा काटा शून्यावर आणायचा. मग प्रमाणित वजन ठेवून त्याला सांगायचं, "हे बघ, हे दहा किलो." पूर्वी त्यासाठी स्क्रू फिरवत, आता तो हिशेब काट्याच्या स्मरणात साठवतात. आणखी एक गंमत. दिल्लीत जुळवलेला काटा तसाच इथे आणला, तर ५० किलोला पंचवीस-तीस ग्रॅम कमी दाखवेल, कारण इथे गुरुत्वाकर्षण किंचित कमी आहे. वैधमापन निरीक्षक दर वर्षी असे काटे तपासून मोहोर लावतात. दुरुस्तीनंतरही ती पुन्हा लावून घ्यावी लागते.

दुकानदार लबाड होता असं मी म्हणणार नाही. भंगार विकताना त्याच काट्याने तोही फसत होता! नवी मोहोर लागेपर्यंत आमचे गठ्ठे त्याने बाजूला ठेवले. पुन्हा मोजले, तर ४५ किलोंच्या वर! वरच्या तीन किलोंचे पैसे मिळाले.

मीठ मात्र परत घ्यायला शेजारचा वाणी तयार नव्हता. पाचही पुडे माझ्याच घरी आले.