मोडेमची नाडी

समजा, 2010 सालचा जून महिना आहे. बाहेर पाऊस पडतो आहे. तुम्ही घाटकोपरला राहता. तुमची आपा दहावी पास झाली आहे. मुंबईत अकरावीचे प्रवेश 2009 पासून ऑनलाइन होऊ लागले, म्हणून आपाला संगणकावरून अर्ज भरायचा आहे. अब्बांनी घरच्या दूरध्वनीवर एमटीएनएलची ब्रॉडबँड सेवा घेतली. नवा मोडेम महाग पडतो, म्हणून मालेगावच्या मामूंनी आपला जुना मोडेम आणून दिला. तुम्ही तो जोडला. पण इंटरनेट काही चालू होईना. शेजारी म्हणतात, "मोडेम खराब आहे. भंगारात टाका!" अर्ज भरायला दोनच दिवस उरले आहेत. आता तुम्ही काय कराल?

घाई करू नका. आधी मोडेमचे काम समजून घ्या. मुंबईत 1882 साली दूरध्वनी केंद्र सुरू झाले. पुढे शहरभर दूरध्वनीच्या तांब्याच्या तारा पसरल्या. त्या बोलण्यासाठी होत्या. 2005 साली एमटीएनएलने त्याच तारांवरून 'ट्राय-बँड' ही इंटरनेट सेवा सुरू केली. एका तारेवर दोन कामे कशी होतात? बोलण्याच्या लहरी सेकंदाला सुमारे 4,000 कंपनांपर्यंतच्या असतात. माहितीच्या लहरी 25,000 कंपनांच्या पुढच्या असतात. म्हणून त्या एकमेकींत मिसळत नाहीत. स्प्लिटर नावाची छोटी डबी त्यांना वेगळे करते. मोडेम माहितीच्या लहरी ओळखून त्या संगणकाला समजतील अशा करतो.

मोडेमवर छोटे दिवे असतात. बिघाड कोठे आहे, हे तेच सांगतात. ते क्रमाने पाहा.

पहिला दिवा 'पॉवर'चा. तो लागत नसेल किंवा मोडेम सारखा बंद पडत असेल, तर अडॅप्टर तपासा. जुन्या वस्तूबरोबर पुष्कळदा दुसऱ्याच वस्तूचा अडॅप्टर येतो. मोडेमच्या तळाशी लिहिलेले व्होल्ट आणि अडॅप्टरवरचे व्होल्ट सारखेच हवेत.

दुसरा दिवा 'डीएसएल'चा. तो लुकलुकत असेल, तर मोडेम दूरध्वनी केंद्राला शोधतो आहे. तो स्थिर झाला, की केंद्राशी गाठ पडली. तो स्थिर होत नसेल, तर फोन उचलून कानाला लावा. खरखर ऐकू येते का? पावसाळ्यात तारेच्या सांध्यांत पाणी शिरले, की असे होते. मग स्प्लिटर आणि इतर फोन काढा व मोडेम थेट पहिल्या सॉकेटला जोडा. आता दिवा स्थिर झाला, तर दोष घरातल्या तारेत किंवा स्प्लिटरमध्ये आहे. तरीही झाला नाही आणि खरखर चालूच असेल, तर दूरध्वनी केंद्रात तक्रार नोंदवा.

तिसरा दिवा 'लॅन'चा. तो लागला नाही, तर मोडेमपासून संगणकापर्यंतची तार नीट बसवा.

चौथा दिवा 'इंटरनेट'चा. समजा, पहिले तीन दिवे ठीक आहेत. फक्त हाच लागत नाही. मग तारेला दोष देऊ नका. मोडेमच्या आत अजून मामूंच्या घरची माहिती आहे. मागच्या बारीक छिद्रातील रीसेटचे बटण टाचणीने सुमारे दहा सेकंद दाबून धरा. जुनी माहिती पुसली जाईल. आता व्हीपीआय आणि व्हीसीआय हे दोन आकडे भरा. पत्त्यात इमारतीचा आणि खोलीचा क्रमांक असतो, तसेच हे आकडे आहेत. मालेगावला बीएसएनएलची सेवा होती. तिचे आकडे 0 आणि 35 होते. मुंबईत एमटीएनएलचे आकडे 0 आणि 32 होते. एवढ्याशा फरकामुळे चांगला मोडेमही मुका राहतो! शेवटी आपल्याच सेवेचे नाव आणि पासवर्ड भरा. जुन्या मालकाचे नाव कधीही वापरू नका. ते दुसऱ्याच्या मीटरवरून वीज घेण्यासारखे आहे.

एक नियम मात्र पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती वहीत लिहून ठेवा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशामुळे काम झाले हे कळणार नाही.

आता पुष्कळ घरांत तांब्याच्या तारेऐवजी काचेचा बारीक तंतू येतो. त्यातून वीज नव्हे, प्रकाश धावतो. तेथे डीएसएल मोडेम कितीही चांगला असला, तरी चालणार नाही. म्हणून जुनी वस्तू विकत घेण्यापूर्वी आपल्या घरी कोणती तार येते, हे आधी पाहा.

हकीमसाहेब नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाहीत. तुम्हीही दिवे पाहिल्याशिवाय मोडेम भंगारात टाकू नका. मामूंचा मोडेम खराब नव्हता; त्याला फक्त घाटकोपरचा पत्ता माहीत नव्हता.