काटा चढतो तेव्हा

धामणगाव गढी मागे पडलं आणि घाट लागला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. मावसभावाची पिकअप, मागे हौद्यात हजार-हजार लिटरच्या दोन टाक्या, काठोकाठ भरलेल्या. नवतप्याचे दिवस. मेळघाटात पावसाळ्यात पाऊस धो धो कोसळतो आणि मे महिन्यात त्याच डोंगरावरच्या गावांना पाणी खालून चढवून न्यावं लागतं. आम्ही तेच नेत होतो.

तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा मध्यावरून हलला. भाऊ काही बोलला नाही. त्याने गिअर एक खाली घेतला, दोन्ही काचा पूर्ण उतरवल्या आणि हीटरची मूठ लाल बाजूला शेवटपर्यंत फिरवली. पायांवर भट्टीतली हवा आल्यासारखं झालं. मी ओरडलोच.

"थांब न दादा," तो म्हणाला, "गाडीची आग थोडी आपल्या अंगावर घेऊन राह्यलो."

दोन-तीन मिनिटांनी काटा थांबला, मग हळूहळू खाली आला. भर उन्हात हीटर लावणं वेडेपणाचं वाटतं, पण त्यामागचा हिशेब पक्का आहे. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्याची उष्णता केबिनमध्ये फेकतो. मोठ्या रेडिएटरला जेवढं झेपत नाही, त्यातला थोडा वाटा हा धाकटा उचलतो.

उन्हाळ्यात भरलेली पिकअप का तापते, हे समजून घ्यायचं तर इंजिनाकडे चूल म्हणून बघावं लागतं. जाळलेल्या डिझेलमधली साधारण एक तृतीयांश ऊर्जा चाकांपर्यंत जाते. बाकीची धुराच्या नळीतून आणि रेडिएटरमधून बाहेर टाकावी लागते. रेडिएटर किती उष्णता टाकणार, हे आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. आतलं पाणी ९५ अंश आणि बाहेरची हवा २५ अंश असेल तर फरक ७० चा. हवा ४५ अंशांवर गेली की तोच फरक ५० वर येतो. रेडिएटर तोच, पंखा तोच, आणि ताकद मात्र पाव हिश्श्याहून जास्त घटली. शिवाय हवामान खात्याचा आकडा सावलीतल्या, जमिनीपासून चार-पाच फुटांवरच्या हवेचा असतो. गाडीच्या तोंडाशी येते ती तापलेल्या डांबरावरची हवा. गाडीत एसी असेल तर त्याची जाळी रेडिएटरच्या पुढेच असते, म्हणजे हवा आणखी तापून आत येते. म्हणून चढावर काटा वर जाऊ लागला की आधी एसी बंद करायचा.

आता यात वजन घाला. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे शाळेतलं गणित. दोन टाक्यांचे झाले दोन हजार किलो, आणि त्या गाडीची भारक्षमता होती १७०० किलो. घाटात वेग वीस-पंचवीसचा, म्हणजे समोरून येणारी हवा नावालाच; सगळा भार पंख्यावर. तापलेली हवा विरळही होते, त्यामुळे इंजिनाला दम लागतो आणि तेच काम करायला पाय जास्त दाबावा लागतो. जानेवारीत हेच जास्तीचे तीनशे किलो गाडीने कदाचित निमूट वाहिले असते. मे महिन्यात ती उसनवारी मिळत नाही. आणि टाक्या अर्ध्या भरून वजन वाचवावं म्हटलं तर पाणी प्रत्येक वळणावर आत धडका मारतं, गाडी ओढली जाते. खरं उत्तर एकच, एक टाकी भरून न्यायची. पण भाडं खेपेवर मिळतं.

ज्या देशात पिकअप सर्रास दिसते, त्या अमेरिकेतही गाडीला किती ओझं झेपतं हा प्रश्न बराच काळ अनुत्तरित होता. आमची गाडी एवढा ट्रेलर ओढते, असा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने सांगायची. मग वाहन अभियंत्यांच्या संघटनेने जे२८०७ नावाचं एकच मानक आणलं. टोयोटाने ते २०११ च्या मॉडेलांपासून सगळ्यांत आधी स्वीकारलं, बाकीचे पुढच्या काही वर्षांत आले. त्यातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी परीक्षा ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर बेतलेली आहे. वाळवंटातला सव्वाअठरा किलोमीटरचा सलग चढ, पायथ्याशी तापमान किमान ३८ अंशांच्या आसपास, मागे पूर्ण वजनाचा ट्रेलर. मागे एकेरी चाकं असलेल्या पिकअपने या चढावर ताशी ६४ किलोमीटरच्या खाली यायचं नाही आणि कुठलाही भाग निकामी होता कामा नये. हे सगळं एसी पूर्ण चालू ठेवून. म्हणजे गाडीची ओढण्याची ताकद मोजताना आत बसलेल्या माणसाला थंडावा देण्याचा खर्च त्यात आधीच धरलेला असतो. हा मुद्दा मनात असू द्या, त्याकडे परत यायचं आहे.

इंजिन तापतं ते निदान काट्यावर दिसतं. टायर तापतं ते दिसत नाही. आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे: उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये हवा कमी ठेवा. ही समजूत जीवघेणी आहे. टायर रस्त्याच्या उष्णतेपेक्षाही स्वतःच्या मुडपण्याने तापतं. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, पुन्हा सरळ होते, आणि या मिनिटाला शेकडो वेळा होणाऱ्या मालिशीत रबर आतून शिजत जातं. वर वजन जास्त असलं की आणखी दबतं. २००० सालच्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने अमेरिकेत ६५ लाख टायर परत मागवले. त्यांचा बाहेरचा पट्टा धावत्या गाडीत सुटत होता. बरेचसे टायर फोर्ड एक्सप्लोरर या गाडीवर होते, जी मुळात रेंजर पिकअपच्या बांधणीवरून निघाली होती. दोनशेहून अधिक माणसं गेली. टायरमध्ये दोष होताच, पण फोर्डने सांगितलेला हवेचा दाब होता २६ पौंड, आणि ॲरिझोना, टेक्सससारख्या उष्ण राज्यांत अपघात जास्त झाले. दोष, कमी हवा, ओझं, वेग आणि ऊन, असं सगळं एकावर एक चढलं.

म्हणून हवा पहाटे तपासायची, गाडी काढण्याआधी, टायर गार असताना, आणि कंपनीने भरल्या गाडीसाठी सांगितलेला आकडा पाळायचा. दुपारी शंभर किलोमीटर पळाल्यावर काटा चार-पाच पौंड जास्त दाखवेल. तो वाढावा हे धरूनच मूळ आकडा ठरवलेला असतो. तेव्हा हवा सोडली तर टायर गार झाल्यावर ते उपाशी राहतं. टायरच्या भिंतीवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर ते २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. नक्षी शिल्लक दिसते म्हणून जुनं टायर मे महिन्यात ओझ्याखाली घालू नये.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतण्याची सवयही अशीच महागात पडते. क्षार आतल्या नळ्यांत थर धरतात, तर बाहेरच्या जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकतात. कूलंटमुळे गंज रोखला जातो आणि पाणी उकळण्याचा बिंदू वर जातो. झाकणाच्या दाबाने तो शंभराच्या बराच वर राहतो. याच कारणाने गरम गाडीचं झाकण उघडायचं नसतं. दाब सुटला की आतलं सगळं क्षणात उकळून अंगावर येतं. उतारावर ब्रेकचं तेलही तसंच उकळतं. ते हवेतली ओल शोषतं. कोरडं असताना २०५ अंशांना उकळणारं डॉट ३ तेल ओल धरल्यावर १४० ला उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ जातं. चढताना जो गिअर, तोच उतरताना, हे जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठी.

आता आतल्या माणसाबद्दल. भावाच्या गाडीत एसी नाही. हवा ४५ अंशांची आणि कातडी ३५ च्या आसपास, म्हणजे खिडकीतून येणारा वारा अंग गार करत नाही, तापवतो. थंडावा देतो तो फक्त वाळणारा घाम. भावाच्या डोक्याला ओला दुपट्टा होता, दर अर्ध्या तासाने तो बाटलीतलं पाणी त्यावर ओतायचा. विदर्भाच्या कोरड्या हवेत हे काम करतं, कूलरच्या ताट्यांसारखंच. पण घामाचं पाणी आणि मीठ परत भरलं नाही तर माणसाचा रेडिएटर कोरडा पडतो. डोकं दुखतं, गिअर चुकतात, बोलणं विसंगत होतं. शरीर ४० अंशांच्या पुढे गेलं की तो उष्माघात. मग सावली, अंगावर पाणी, वारा आणि तडक दवाखाना. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

आता त्या एसीच्या मुद्द्याकडे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला, हे फार चांगलं झालं. पण तो नियम एन-२ आणि एन-३ वर्गांना लागू आहे, म्हणजे एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या गाड्यांना. गावोगावी पाणी, भाजीपाला, सिमेंट, कूलर वाहणाऱ्या बहुतेक पिकअप त्या रेषेच्या खाली राहतात. ऊन तेच, रस्ता तोच, आणि सगळ्यांत लहान गाडीतला माणूस बाहेर. ही रेषा खाली आली पाहिजे, असं मला कळकळीने वाटतं.

वर पोचल्यावर बायकांनी हंडे, ड्रम, कळश्या लावून ठेवल्या होत्या. भावाने इंजिन लगेच बंद केलं नाही. बॉनेट उघडून तीन मिनिटं तसंच चालू ठेवलं, टर्बो गार होईस्तोवर. मग टाकीच्या नळाखाली डोकं धरलं. एका आजीने त्याला गुळाचा खडा आणि तांब्या दिला. तेवढ्यात फोन वाजला. दुसरी खेप दोनच्या आत पाहिजे होती.

"पाच वाजल्यावर निंगतो भाऊ," तो म्हणाला, "आन् एकच टाकी आणीन." पलीकडून बराच आवाज येत होता. त्याने फोन खिशात टाकला आणि चाकाजवळ उकिडवा बसून टायरला हात लावून पाहिला.